बत्तीस घरांचा कौल

"नाही म्हणजे नाही! आज देवळात तुम्ही कळ्यांना हात लावायचा नाही."

"आणि मग काय करायचं? भिकाजी गावकर विचारील, गुरव कुठाय, तर तू काय सांगणार? चुलीमागं बसलाय म्हणून?"

"सांगेन, खुशाल सांगेन! माणसांचे हात मोडण्यापेक्षा चुलीमागं बसलेला गुरव बरा."

"तोंड सांभाळ हां, राही. हात मी नाही मोडला. हात बाबल्यानं मोडलान."

"वरवंटा बाबल्यानं घातलान. पण काशीरामचा हात त्या वरवंट्याखाली कोणी नेऊन ठेवला? तुमच्या पाच पाकळ्यांनी!"

लवू गुरवाच्या हातातला तांब्या भिंतीवर जाऊन आदळला. पाणी राहीच्या लुगड्यावर उडालं, तांब्या घरंगळत उंबऱ्याशी गेला. बाहेर ओसरीवर काशीरामची बायको सखू डोकं गुडघ्यांत घालून बसली होती. तिनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. कालपासून तिनं इतके आवाज ऐकले होते की एका तांब्याचं तिला काहीच वाटलं नाही.

"देवी बोलली," लवू दात चावून म्हणाला. "एकदा नाही, पाच वेळा बोलली. एक कळा डावा पडला तर योगायोग. दोन पडले तरी म्हणू. पाचाचे पाच? हा कसला योगायोग गो?"

"योगायोगच."

"कोणी शिकवलान तुला?"

"तुम्हीच. आठ वर्षं तुमच्या पाठीशी बसून शिकले."

लवूनं तिच्या थोबाडीत दिली. राही भिंतीवर कोलमडली, सावरली, ओठाचं रक्त पदरानं टिपलं आणि म्हणाली, "आता झालं ना? मग ऐका."

सन एकोणीसशे एकतीसचा फाल्गुन होता, शिमगा पाच दिवसांवर आलेला. धामणकोंड म्हणजे पावसच्या वरच्या अंगाला, सड्याखाली, म्हणजे कातळाच्या पठाराखाली, माडांत दडलेलं बत्तीस घरांचं गाव. निम्म्या घरांतले पुरुष मुंबईला गिरणीत नाहीतर बोटीवर. पण शिमग्याला आई वाघजाईची पालखी निघायची तेव्हा जमेल तो प्रत्येक जण बोट पकडून घरी यायचा. पालखीत देवीचं चांदीचं रूपं बसायचं. हे रूपं, म्हणजे देवीचा मुखवटा, वर्षभर देवळातल्या पेटीत असे. या वर्षी लवू ते चिंचेनं घासायला काढायला गेला तर पेटी उघडी आणि आतलं रेशमी फडकं रिकामं.

भिकाजी गावकरानं, गावच्या पहिल्या मानकऱ्यानं, सांगितलं, रत्नागिरीहून फौजदार आणायचा नाही. देवीचं रूपं गेलं ही बातमी सड्यापलीकडे गेली तर बारा वाड्या तोंडावर थुंकतील. देवीचा चोर देवीच दाखवील. कौल लावा.

कौल लावायची रीत अशी. देवीच्या पाषाणाला उजव्या खांद्यावर एक आणि डाव्या खांद्यावर एक, तगरीची ओली पाकळी चिकटवायची. या पाकळ्या म्हणजे कळे. गुरवानं गाऱ्हाणं घालायचं, गावानं "होय महाराजा" म्हणायचं आणि वाट बघायची. उजवा कळा आधी पडला तर देवी प्रसन्न, डावा आधी पडला तर देवी नाखूश. असं दर घराच्या नावानं पाच वेळा. चोरीमारीच्या वेळी नियम वाडवडलांपासून ठरलेला होता: पाचही वेळा डावा पडेल तो गुन्हेगार.

काल उजाडल्यापासून एकेक घर पुढे येत होतं. मुंबईला असलेल्यांच्या नावानं त्यांच्या घरच्यांनी उभं राहायचं. कोणाचे दोन डावे, कोणाचे तीन. धाकूच्या घराचे चार डावे पडले तेव्हा देवळात एकच हुंकार उठला; धाकूची म्हातारी आई मटकन खालीच बसली. धाकू बिचारा दिवाळीपासून परळला गिरणीत! पाचवा उजवा पडला आणि म्हातारीला लोकांनी उचलून बाहेर नेलं. त्यानंतर सहाव्या, म्हणजे गावातल्या अगदी शेवटच्या घराला काशीराम आला.

काशीराम पाडेली. गावच्या साऱ्या माडांवरचे नारळ तोच पाडायचा. चाळीस हात उंच माडावर कोयता कमरेला लावून असा चढायचा की खालच्याला वाटावं माडच त्याला वर घेतोय. पहिला कळा डावा. दुसरा डावा. तिसरा डावा. काशीराम हसला, "आई आज रागावलीय वाटतं." चौथा डावा. हसणं गेलं. पाचवा डावा.

मग जे झालं ते राहीनं खांबाआडून पाहिलं. हातातली माळ ओवता ओवता सुई तिच्या बोटात रुतून राहिली तरी तिला कळलं नाही. माणसं काशीरामवर अशी तुटून पडली की तो दिसेनासाच झाला. दिसला तेव्हा त्याचा एक डोळा मिटलेला होता आणि तोंडातून लाळ न् रक्त एकत्र गळत होतं. "रूपं कुठाय?" "मला ठाऊक नाही हो." लाथ. "रूपं कुठाय?" "आईशप्पत ठाऊक नाही." लाथ. शेवटी भिकाजी गावकरानं मंडपाला लागूनच असलेल्या दीपमाळेच्या चौथऱ्याकडे बोट केलं. चौघांनी काशीरामचा उजवा हात चौथऱ्यावर दाबून धरला. भिकाजीचा पुतण्या बाबल्या, रेड्यासारख्या मानेचा, वरवंटा घेऊन पुढं झाला. पहिल्या घावाला हाड पुरतं मोडलं नाही म्हणून त्यानं दुसरा घातला. काशीराम ओरडला त्या ओरडण्यात शब्द नव्हता. सखू ओरडली, तिला बायकांनी धरून ठेवलं होतं.

आणि तरी रूपं मिळालं नाहीच. रात्रभर खांबाला बांधलेला काशीराम एकच सांगत राहिला, ठाऊक नाही. मग भिकाजीच्या डोक्यात आलं: हा बोलत नाही, म्हणजे रूपं ह्याच्याकडे नाही, म्हणजे साथीदाराकडे आहे. आज दुपारी पुन्हा सगळ्या घरांना कौल. साथीदार सापडला की दोघांचेही हात. काशीरामचा राहिलेला डावा धरून.

म्हणून राही सकाळपासून नवऱ्याशी भांडत होती.

राहीचं माहेर वेळणेश्वरचं, तेही गुरवाचंच. लग्न होऊन धामणकोंडला आली तेव्हा अकरा वर्षांची होती. अक्षरओळख नाही, मोजणी विसांची: एक वीस, दोन वीस. पण हाताला फुलाची अशी सवय की अंधारातही अबोली आणि तगर ती देठावरून ओळखायची. देवळातला केर, दिव्याची वात आणि माळा हे तिचं काम. कौल लावताना गुरवीण खांबाआड बसून माळा ओवते. तिच्याकडे कोणी बघत नाही आणि तिला सगळं दिसतं.

आठ वर्षांपूर्वी भिकाजीच्या बापाच्या, आबा गावकराच्या, तीन म्हशी आठवड्यात मेल्या. विष कोणी घातलं म्हणून साऱ्या गावाला कौल लागला. त्या वेळी पाचही डावे दोघांचे पडले. एक जनी नावाची एकटी राहणारी विधवा आणि दुसरे खुद्द आबा गावकर!  मग आबाच म्हणाले, "माझा कळा नीट चिकटला नव्हता. एकट्या माझ्या घराला पुन्हा लाव रे लवू." लावला. तीन उजवे आले. गावानं सुटकेचा श्वास टाकला. जनीला पुन्हा लावा असं कोणी म्हणालं नाही. तिला चिंचेच्या फोकांनी मारत, केस धरून, घाटीपर्यंत नेलं. तिसऱ्या दिवशी ओहोटीला ती पावसच्या खाडीत सापडली. पंधरा दिवसांत शेजारच्या वाडीतल्या अकरा म्हशी त्याच रोगानं मेल्या.

तेव्हापासून राहीनं मोजायला घेतलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. तिनं चुलीमागच्या फळीवर सहा करवंट्या ओळीनं मांडल्या. कोणाच्याही घरचा पाच कळ्यांचा कौल झाला, मग तो लग्नाचा असो, हरवलेल्या गाईचा असो की आजारी पोराचा, घरी येऊन ती एक चिंचोका टाकायची. एकही उजवा नाही तर पहिल्या करवंटीत. एक उजवा तर दुसऱ्या. असं करत पाचही उजवे आले तर शेवटच्या. लवूला वाटायचं बायकोचा काहीतरी नवस असेल.

वर्षं गेली आणि करवंट्या बोलायला लागल्या. मधल्या दोन भरभरून सांडल्या, त्यांना टोपल्या द्याव्या लागल्या. त्यांच्या कडेच्या दोन निम्म्यानं भरलेल्या. आणि टोकांच्या दोघींत मूठमूठभर. नीट पाहिलं तर गवताची उडवी रचल्यासारखा आकार: मध्ये उंच, दोन्हीकडे उतरत गेलेला, दोन्ही अंगांनी सारखा. मग तिनं मोजलं. टोकाला जवळपास एक वीस. कडेला पाच वीस. मध्ये दहा वीस. एकाला पाच, पाचाला दहा. देवीचा राग असा मापानं कसा येईल?

याचं उत्तर तिच्या हातांनी शोधलं. एका श्रावणात ती पाच-पाच फुलांच्या माळा ओवत होती. तगर पांढरी, अबोली केशरी. मनात आलं, तगर म्हणजे उजवा, अबोली म्हणजे डावा. पाच फुलांच्या वेगवेगळ्या माळा होतील तरी किती? सगळी अबोली, अशी माळ एकच. एकच तगर असलेली? ती तगर पहिली असेल, दुसरी असेल, तिसरी, चौथी, पाचवी. पाच माळा झाल्या. दोन तगरींच्या ओवत गेली तर दहा झाल्या. अकरावी काही केल्या होईना, फिरून आधीचीच यायची. तीन तगरींच्या पुन्हा दहा. चारच्या पाच. पाचांची एक. सगळ्या मिळून एक वीस आणि बारा. जमिनीवर त्या बत्तीस माळा मांडून राही कितीतरी वेळ उकिडवी बसून राहिली. बत्तीस. गावात घरंही तेवढीच.

त्याच माळा तिनं आज सकाळी पुन्हा ओवल्या होत्या, आणि फुटक्या ओठानं ती नवऱ्याला दाखवत होती.

"ही बघा. पाचही अबोली. बत्तिसांतली एक. कळे जर असेच पडत असतील, कधी इकडे कधी तिकडे, तर बत्तीस वेळा लावल्यावर एखाद्याच्या वाट्याला ही माळ यायचीच."

"अगो, बत्तिसांत एक!" लवू उसळला. "तेच तर मी सांगतोय! बत्तीस वेळा विचारावं तेव्हा एकदा घडणारी गोष्ट, आणि काशीरामला मी एकदाच विचारलं, तरी घडली. मग देवी बोलली नाही तर काय?"

"काशीरामला एकदा विचारलंत. पण गावाला किती वेळा?"

लवूनं ती माळ पायानं दूर सारली.

"बत्तीस वेळा विचारलंत," राही म्हणाली. "कोणाला तरी येणारच होती. काशीरामला आली. धाकूला येता येता राहिली, एका कळ्यानं! तो तर परळला बसलाय. आली असती तर त्याच्या म्हातारीचा हात ठेवला असतात चौथऱ्यावर?"

"म्हणजे दर वेळी एक निघायचाच असं तुझं म्हणणं? मग परवाच्या सालात विहिरीच्या भांडणाला कोणीच निघाला नव्हता, ते?"

"दर वेळी एक नाही. कधी कोणीच नाही, कधी दोघं. जनीच्या वेळी दोघं नव्हते?"

जनीचं नाव निघालं तसा लवूचा चेहरा पडला. त्या वर्षीचे कळे त्यानंच लावले होते. गुरवकी हाती घेऊन तेव्हा त्याला वर्षही झालं नव्हतं. पण दुसऱ्याच क्षणी तो फळीकडे झेपावला. एकेक करवंटी उचलून त्यानं जमिनीवर आपटली. चिंचोके घरभर उधळले. मग माळांवर पाय घासला. "चिंचोके मोजून देवीची परीक्षा घेतेस? माझ्या घरात? गुरवकी जाईल माझी, समजतंय? सात पिढ्यांची गुरवकी!"

"आणि त्याचा डावा हात?"

लवूनं ताम्हण उचललं, तगरीची परडी उचलली आणि तो देवळाकडे गेला.

राही चिंचोके गोळा करायला वाकली नाही. ओसरीवर येऊन तिनं सखूला हाताला धरून उठवलं. "चल."

"कुठं वहिनी?"

"देवळात."

"मला नाही बघवायचं ते."

"बघायला नाही. मागायला."

सूर्य डोक्यावर आला होता. देऊळ काठोकाठ भरलेलं. खांबाला बांधलेल्या काशीरामचा हात कोपरापासून काळानिळा सुजून फणसासारखा झाला होता, त्यावर माशा बसत होत्या. बाबल्या वरवंटा मांडीवर घेऊन पायरीवर बसला होता. कोणी लाह्यांची टोपली घेऊन बसावं तसा. भिकाजी गावकर गाभाऱ्यासमोर उभा. त्यानं हात वर केला, "हं, लवू. घाल गाऱ्हाणं. चोराचा साथीदार कोण ते आई दाखवील."

"गावकरदादा, थांबा."

बायकांच्या बाजूनं आवाज आला तशी सगळ्या माना वळल्या. राही खांबाआडून पुढं आली होती.

"गुरवीणबाय, माळा संपल्या का?" कोणीतरी म्हणालं. हशा झाला.

"साथीदार नंतर शोधा," राही म्हणाली. "आधी काशीरामला पुन्हा लावा. एकट्यालाच."

"का म्हणून? देवीनं एकदा सांगितलंय."

"तुमच्या आबांनाही सांगितलं होतं. पाचही डावे. आठवतंय ना? मग आबांना एकट्याला पुन्हा लावलात. तुमच्या आबांना मिळाला तो फेरकौल काशीरामला नको?"

हशा बंद झाला. म्हातारी माणसं एकमेकांकडे बघू लागली. ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती आणि आठ वर्षांत कोणी तोंडातून काढली नव्हती. भिकाजीच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"आबांचा कळा नीट चिकटला नव्हता."

"मग काशीरामचा चिकटला होता कशावरून?"

"गुरवीण बरोबर बोलतेय," मागून एक म्हातारा पुटपुटला. "रीत सगळ्यांना एक पाहिजे."

भिकाजीनं आवाजाच्या दिशेनं पाहिलं. मग त्याला काहीतरी सुचलं. तो हसला. "ठीक. लावू. पण देवीवर शंका घेणाऱ्यानं काही तारण ठेवायला पाहिजे. पुन्हा पाचही डावे पडले तर काय गो? बोल."

"तर त्याच्या हाताशेजारी माझाही हात ठेवा."

"राही!" लवू गाभाऱ्यातून ओरडला.

सखूनं तिचा पदर ओढला. राही ढळली नाही. पण आपण केवढं तारण ठेवलंय ते तिला ठाऊक होतं. कारण ती पाच अबोलींची माळ बत्तिसांत होतीच. काशीराम निर्दोष असला तरी होती. देवी बोलत नसली तरी ओली पाकळी सुकते आणि पडते, आणि डावी पडायची तर डावी पडते. कालची पाचही डावी होती याचं आजच्या पाकळ्यांना काही सोयरसुतक नव्हतं.

लवूनं पाकळ्या चिकटवल्या.  गाऱ्हाणं घातलं. गाव म्हणालं, "होय महाराजा." सगळे श्वास कोंडून बघत राहिले.

डावा पडला.

"हां!" बाबल्या मांडीवर थाप मारून उठला.

दुसरी जोडी. बराच वेळ दोन्ही पाकळ्या तशाच. एक माशी उजवीवर बसली, उडाली. डावा पडला.

आता देऊळ गरजलं. "आई बोलतेय! आई बोलतेय!" पाठीमागून कोणीतरी राहीला ढकललं, ती चौथऱ्यावर हातांवर पडली. बाबल्यानं तिथंच तिचं मनगट पकडलं. "राहू दे इथंच. पुन्हा कशाला उठायचं?" त्याच्या पंजाला चिंचेचा आणि रक्ताचा वास येत होता. कालच्या घावांचा डाग दगडावर तसाच होता, सुकून तपकिरी झालेला. राहीनं डोळे मिटले. तीन राहिले. दोन पडून गेल्यावर आता माळा बत्तीस नाहीत, आठच. आठांत एक. कालपेक्षा, सकाळपेक्षा, मघापेक्षा जवळ.

"होय महाराजा!"

 मग सखूचा आवाज आला, किंचाळल्यासारखा, "उजवा! उजवा पडला!"

बाबल्याची पकड ढिली झाली नाही. चौथा डावा पडला. पाचवा उजवा.

लवू गाभाऱ्याच्या दारात आला. "दोन उजवे, तीन डावे," तो म्हणाला. 

"डावे जास्त आहेत!" बाबल्या ओरडला. "डावेच जास्त!"

"पाचाचे पाच लागतात," मघाचा म्हातारा म्हणाला. "रीत पाचांची आहे. काशीरामला सोडा."

"सोडा, सोडा," दोघे-चौघे म्हणाले. काल याच माणसांनी त्याला लाथा घातल्या होत्या. सखू धावली आणि दातांनी दोर सोडवू लागली. दोर सुटला तसा काशीराम खांबाच्या बुडाशी कोसळला. मोडक्या हातावरच पडला आणि त्याची शुद्ध गेली. कोणी पाणी आणलं. कोणी नुसतं बघत राहिलं.

भिकाजी गावकर मात्र हलला नव्हता. तो विचार करत होता, आणि तो विचार करायला लागला की गावाला भीती वाटे.

"बरं," तो म्हणाला. "काशीराम चोर नाही. मान्य. मग चोर दुसरा कोणीतरी आहे आणि तो इथंच उभा आहे. शिमग्याला पाच दिवस राहिलेत. लवू, परत पहिल्यापासून लाव. सगळ्या घरांना."

 आत्तापर्यंत दुसऱ्याचा हात होता. आता प्रत्येकानं आपापल्या हाताकडे पाहिलं. धाकूची आई भिंतीला धरून उभी राहिली.

राही चौथऱ्यावरून उठली. "दादा, कोणीतरी सापडेलच. आज नाही तर उद्या लावाल, उद्या नाही तर परवा. लावत राहिलात की कोणीतरी पाच डाव्यांवर येणारच. पण तो चोर असेल कशावरून?"

"मग तू सांग चोर कोण."

"मला ठाऊक नाही. मी कुठं म्हणतेय मला ठाऊक आहे? मी एवढंच म्हणतेय की असं विचारून कळत नाही. जनीनं म्हशी मारल्या नव्हत्या. तुम्हालाही ठाऊक आहे. पंधरा दिवसांत तुम्हाला कळलं होतं, सगळ्यांना कळलं होतं..."

बाबल्याच्या हातात वरवंट्याऐवजी आता फोक होता. तो हवेत कधी गेला ते तिला दिसलं नाही. पहिला फटका गालावर बसला, दुसरा मानेवर. ती खाली बसली तसा तिसरा पाठीवर. गालातून रक्ताची रेघ हनुवटीवर आली. ती ओरडली नाही. हातानं गाल दाबून ती गाभाऱ्याकडे बघत होती. लवूकडे.

"बास," म्हातारा म्हणाला. "बाईमाणूस आहे."

"बास रे बाबल्या," भिकाजी शांतपणे म्हणाला. "काम राहतंय. लवू, चल. पहिलं घर."

लवू दारात उभा होता. एका हातात तगरीची परडी, दुसऱ्या हातात ताम्हण. त्यानं परडीकडे पाहिलं. सकाळी त्यानंच तोडलेली फुलं, दोनशेच्या वर असतील. बत्तीस घरांना पुरून उरली असती. काशीरामच्या घशातून घरघर येत होती. सखू त्याला पदरानं वारा घालत होती.

"अरे, ऐकू येतंय ना?" भिकाजी दोन पावलं पुढं आला. "सात पिढ्या तुम्ही या देवीचे गुरव. जमीन तिची खाता, घर तिच्या जागेत बांधलंत. तुझा बाप कधी नाही म्हणाला नाही. तू म्हणणार आहेस?"

लवूनं वाकून ताम्हण उंबऱ्यावर ठेवलं. शेजारी परडी ठेवली. कमरेचा पंचा सोडून त्यानं हात पुसले, एकेक बोट पुसलं.

"गुरवा, कळे लावतोस की नाही? हो की नाही, ते सांग!"

लवू देवीला पाठ न दाखवता गाभाऱ्याच्या बाहेर आला, मग वळला. बाबल्या वाटेत उभा होता, फोक हातात घेऊन. लवू त्याच्या बाजूनं गेला. राहीच्या जवळून गेला, तिच्या खांद्याला पंचा लागला. मागून भिकाजीनं त्याच्या बापाच्या नावानं हाक मारली, मग त्याच्या नावानं, मग शिवी दिली. लवू पायऱ्या उतरला आणि उन्हात चालू लागला.